ढाबळीचा संसार

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांवर आणि मुंबईच्या चाळींच्या गच्च्यांवर जी कबुतरांची घरगुती ढाबळ एके काळी हक्काने उभी असायची, ती आता गेली असेच म्हणायला हवे. तिच्या जाण्याची बातमी कुठे छापून आली नाही. ती एका गच्चीवरून उतरली, काही वर्षांनी दुसरीवरून उतरली, आणि मग कधीतरी संध्याकाळी आकाशात गोल फिरणारा थवा दिसेनासा झाला. जुन्या दिल्लीत, लखनौत आणि आपल्याकडेही काही मोहल्ल्यांत तिची भावंडे अजून हयात आहेत. पण चार फळ्या आणि एक पत्रा यांतून उभी राहिलेली, नोकरदार आणि कामगार माणसाची ढाबळ आपले आयुष्य पुरे करून गेली. तिचे ऋण मानणारे चार शब्द लिहिणे आमच्या पिढीकडे लागते.

घराणे तिचे मोठे होते. कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्याला माणसाने काही हजार वर्षांपूर्वी जवळ केले, आणि तेव्हापासून कबुतरांना घर बांधून देण्याची हौस रावापासून रंकापर्यंत सगळ्यांनी केली. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या कबुतरांविषयी सविस्तर लिहिले आहे. दरबारी 20 हजारांहून अधिक कबुतरे होती, त्यांतली 500 खाशी. या छंदाला अकबराने ‘इश्कबाजी’ असे नाव दिले होते. खासे कबुतर हवेत 15 गिरक्या आणि 70 कोलांट्या घेते, इतका चोख हिशेब त्यात आहे. छावणी हलली की भोई ढाबळी उचलून चालत आणि कबुतरे सोबतीने वरून उडत; मध्येच उतरून विसावा घेत आणि पुन्हा उडत. चालत्या घराला ओळखून त्याच्यामागे जाणारी पाखरे हा थाट मला बादशहाच्या हत्तीघोड्यांपेक्षा मोठा वाटतो.

याच घराण्यातल्या काहींनी टपाल वाहिले. ज्युलियस रॉयटरने 1850 मध्ये आखेन आणि ब्रसेल्स यांच्यामध्ये तारयंत्राची जोडणी नव्हती तेवढ्या पट्ट्यात बाजारभाव कबुतरांकरवी पाठवले. ओडिशा पोलिसांनी लष्कराकडून मिळालेल्या 200 कबुतरांवर 1946 मध्ये संदेशसेवा उभी केली, आणि 1948 मध्ये पंडित नेहरूंचा संबळपूरहून निघालेला निरोप कटकला कबुतरानेच पोचवला.

आमच्या गच्चीवरच्या ढाबळीने असले काहीही केले नाही. कबुतरे वर गेली, फिरली आणि परत आली, एवढाच तिचा रोजचा जमाखर्च. त्यामुळे कबुतरे पाळणारा तो रिकामटेकडा, असा समज घरोघरी रूढ झाला. मला तो कधी पटला नाही. ढाबळीमागे किती काम असते ते मी जवळून पाहिले आहे.

तिचा जन्म बहुधा रविवारी व्हायचा. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथून पत्रा आणि बिजागऱ्या यायच्या. वाण्याकडची रिकामी खोकी, कुणाच्या तरी मोडलेल्या कपाटाची दारे, कोंबड्यांची जाळी, तेलाचे कापून सपाट केलेले डबे असा सगळा ऐवज गच्चीवर जमा व्हायचा. सुतार कुणी बोलावत नसे. मोजमाप वितीने. खण दीड वीत रुंद, तेवढाच उंच, आणि प्रत्येक जोडीला दोन खण, कारण पहिली पिल्ले घरटे सोडायच्या आत मादी पुन्हा अंडी घालते. मांजर चढू नये म्हणून पायांना डब्याचा पत्रा ठोकलेला असायचा. तोंड शक्यतो पूर्वेला, सकाळचे ऊन आत यावे म्हणून, आणि पावसाच्या बाजूला टरपाल. दाराशी वरून तारा सोडलेल्या असत. त्या आतल्या बाजूलाच झुलायच्या. उशिरा परतलेले कबुतर छातीने तारा ढकलून आत शिरू शकत असे, पण आतले कुणी बाहेर पडू शकत नसे. कसलीही कडी न काढता उघडणारे ते दार कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे. पण ज्याने ते पहिल्यांदा बसवले, त्याने उशिरा घरी येणाऱ्याची काळजी केली होती एवढे नक्की.

आत वेगवेगळ्या स्वभावाची मंडळी नांदायची. गिरेबाज उंच जाणारे, दुपारी सोडले तर ठिपका होईपर्यंत चढणारे. लक्का पिसारा फुलवून छाती पुढे काढून मिरवणारा. उडण्याचा त्याला कंटाळा. शिराजी अंगाने भारदस्त. लोटण जमिनीवर कोलांट्या खाणारे, आणि वाट न चुकणारे होमर. लक्क्याला पुष्कळ लोक शोभेचा समजतात, पण ढाबळीत त्याला कामही असे. थवा फार वेळ वर राहिला की पांढरे लक्के बाहेर पत्र्यावर सोडायचे. ते दिसले की वरची मंडळी खाली यायची.

आता त्या कामाविषयी. ढाबळ चालवणारे बहुतेक पुरुष होते. कुणी पाळी संपवून आलेला गिरणी कामगार, कुणी प्रेसमधला कंपोझिटर, कुणी सायकलच्या दुकानातला मिस्त्री. यांतले बरेच जण घरात पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेत नसत. तोच माणूस पहाटे गच्चीवर जाऊन मोडक्या उलथन्याने खणांतली घाण खरवडायचा, तळाशी कोरडी राख पसरायचा, पाण्याची भांडी घासायचा. बाजरी, ज्वारी, मका आणि वाटाणा निवडून, पाखडून ठेवायचा. किडका दाणा चालत नसे. विटेचा चुरा, अंड्यांची कुटलेली टरफले आणि चिमूटभर मीठ यांचे मिश्रण वेगळ्या वाटीत, कारण कबुतराला दात नाहीत आणि दाणा दळायला त्याला पोटात खडे लागतात. घरट्यासाठी मातीच्या परळात खराट्याच्या काड्या आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. हे सगळे त्याला कुणी शिकवलेले नसायचे. बाई हे काम करते तेव्हा त्याला घरकाम म्हणतात; गच्चीवर त्याला शौक म्हणत.

आणि ज्यांच्यासाठी हे चाले, ती पाखरेही संसाराला पक्की. मादी संध्याकाळच्या सुमाराला पहिले अंडे घालते, एक दिवस आड करून दुसरे. मग 17-18 दिवस उबवणे. सकाळ सरत आली की नर अंड्यांवर बसतो आणि दुपार उलटेपर्यंत उठत नाही, रात्रपाळी मादीची. पिल्ले बाहेर आल्यावर पहिले काही दिवस दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दहीदार दूध त्यांना भरवतात. नराच्या गळ्यातही ते मादीइतकेच तयार होते. पक्ष्यांत ही गोष्ट विरळा आहे. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारे काका हे सगळे कौतुकाने सांगायचे, तेव्हा काकू हातातले काम न थांबवता म्हणायच्या, “त्या नराकडून काही शिका जरा.” काका ऐकले न ऐकलेसे करून जिन्याकडे वळायचे.

पण काका शिकले होते, हे मी पाहिलेले आहे. एकदा एका जोडीतली मादी ससाण्याने नेली आणि तिची दोन पिल्ले चार-पाच दिवसांची, डोळे नुकतेच उघडू लागलेली, अंगावर पिवळी लव. नर एकटा दमून जात होता. काकांनी बाजरी भिजवली, बारीक वाटून कोमट केली, एका जुन्या रबरी नळीच्या तुकड्यात भरली. मग पिल्लू डाव्या तळहातात धरून त्याची चोच नळीत घातली. कबुतराचे पिल्लू चोच उघडून वर करीत नाही. ते आईबापांच्या चोचीत आपली चोच खुपसून ओढून घेते. म्हणून ती नळी. मधूनमधून अंगठ्याने पिल्लाची गळ्याची पिशवी चाचपून ती किती भरली ते पाहायचे. दिवसातून तीन-चारदा हे चालले. नोकरीच्या वेळात हे काम काकूंनी केले, कुरकुरत, पण एक वेळही न चुकवता. ढाबळीतला दाणा घरातल्याच डब्यांतून जात होता आणि त्या डब्यांचा हिशेब काकूंकडे होता, हेही या लेखात नमूद करायलाच हवे. ज्या संसारांनी आपल्या तुटपुंज्या पगारात पन्नास चोची पोसल्या, त्यांतल्या बायकांची नावे कुठल्याही कबुतरबाजाच्या कीर्तीत आली नाहीत.

आठवड्यातून एकदा घमेल्यात अंघोळ. कबुतरे पंख पसरून, एक खांदा वर करून पाण्यात आडवी व्हायची, आणि ती उठून गेली की पाण्यावर पांढऱ्या भुकटीचा तवंग राहायचा. ती भुकटी त्यांच्या पिसांची. पाखरू निरोगी असेल तर तवंग दाट, आजारी असेल तर पाणी नुसतेच गढूळ. डॉक्टरला दाखवायच्या आधी घमेले पाहिले जाई.

चारच्या सुमाराला ढाबळ उघडायची. थवा एकदम उठायचा, त्या आवाजाने शेजारच्या कौलांवरचे पारवेही उडायचे. मग शिट्टी, बांबूला बांधलेले फडके, आणि मान वर करून उभी राहिलेली गच्चीभर मुले. नव्या पाखराला महिनाभर पंख बांधून पत्र्यावर बसवलेले असायचे, आजूबाजूची शिखरे, पाण्याच्या टाक्या, पिंपळ त्याच्या नजरेत भरावेत म्हणून. त्याचे पंख मोकळे करण्याच्या दिवशी काका जेवत नसत. सूर्य, पृथ्वीचे चुंबकत्व, वास, ओळखीच्या खुणा अशा अनेक गोष्टींच्या आधाराने कबुतर घरी परतते, असे शास्त्रज्ञ सांगतात. काकांचा मात्र भरवसा भुकेवर होता. उपाशी सोडायचे आणि डब्यात दाणे वाजवायचे.

दिवेलागणीला मोजणी. एखादे कमी भरले की पुन्हा मोजणी. दुसऱ्याच्या थव्यात मिसळून गेलेले पाखरू दुसऱ्या गच्चीवर उतरायचे, आणि ते मिळवण्यासाठी काका तीन आळ्या ओलांडून जायचे. तिथे चहा व्हायचा, भाव व्हायचा, कधी शब्दाला शब्दही लागायचा. ज्या मोहल्ल्यांशी वाड्याचा एरवी काडीचा संबंध नव्हता, तिथल्या लोकांना काका नावानिशी ओळखत होते, ते या हरवलेल्या पाखरांमुळे.

ढाबळ गेली ती तिच्या पायाखालचे छप्पर गेले म्हणून. पुण्यात 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे नेले. राहिलेल्यांच्या जागी पुढे इमारती आल्या, आणि राहणाऱ्यांना हक्काचे नळ आणि संडास मिळाले. त्याबद्दल कुणी खंत का करावी? मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अनेक कामगार गावी परतले, आणि चाळींच्या जागी हळूहळू मनोरे उभे राहिले. नव्या गच्च्यांवर लिफ्टची खोली, सौर बंब आणि मोबाइलचे टॉवर आले. सोसायटीने दाराला कुलूप लावले, तेही लहान मुलांच्या जिवासाठी. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या भुकटीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरे आहे. ज्या तवंगावरून काका पाखराची तब्येत ओळखत, तीच ही भुकटी. नायलॉनच्या मांजाने संक्रांतीच्या दिवसांत पाखरे कापली जाऊ लागली. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तोवर आमच्या भागात उडवायला फारसे कुणी उरले नव्हते. काकांचा मुलगा परगावी नोकरीला लागला, काकांचे गुडघे जिना चढेनासे झाले. त्यांनी जोड्या वाटून टाकल्या आणि फळ्या बंबात घातल्या.

कबुतरे मात्र शहरातून गेलेली नाहीत. ती आता खिडक्यांच्या छज्ज्यांवर, डक्टमध्ये, वातानुकूलन यंत्रांच्या मागे अंडी घालतात. लोक बाल्कन्यांना जाळ्या लावतात. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून 2025 मध्ये बराच वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. त्यात ढाबळीचे नाव कुठे आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. ढाबळीतले प्रत्येक पाखरू कुणीतरी रोज मोजत होते, आणि त्याची घाणही तोच रोज खरवडत होता.

ढाबळीच्या पश्चात, शहरभर विखुरलेल्या थव्यांत मधूनच दिसणारी पांढऱ्या पंखांची आणि पायावर पिसांचे मोजे असलेली काही कबुतरे, वर पाहत चालण्याची सवय न सुटलेली दहा-पाच वयस्क माणसे, आणि काकांकडचा एक मातीचा परळ असा परिवार आहे. परळात सध्या काकू किल्ल्या ठेवतात.