दहा मिलिमीटर

लॅमिनेट फ्लोअरिंगच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो बजेटचा आणि दुसरा शेडचा. त्यावर कोण चालणार आहे, हे कोणी विचारत नाही. मी तीन दुकानं फिरले, दोन पुण्यात आणि एक साताऱ्यात. तिसऱ्या दुकानात मीच आधी सांगून टाकलं, "पार्किन्सन्सचा पेशंट आहे घरात. वडील." दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "मग मॅडम जाड घ्या. बारा एमएम."

बाबांचं हे चौथं वर्ष. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. पण घरात खरा प्रश्न पायांचा आहे. पाऊल उचललं जात नाही, ते घासत पुढे सरकतं. दारात आले की कधी कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाकीचं शरीर पुढे निघालेलं असतं, पाय मागेच राहतात. साताऱ्याच्या घरात तळमजल्यावर १९९४ साली बसवलेली मोझॅकची फरशी आहे. थंडीत सकाळी तिच्यावर पाय ठेवला की बाबांची पोटरी आखडते आणि बाथरूमपर्यंतचा रस्ता दुप्पट लांब होतो. चप्पल घालून चालणं तर त्याहून धोक्याचं, ती पायातून निसटते. म्हणून त्यांच्या खोलीत आणि बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये लाकडासारखी उबदार जमीन करायची असं ठरलं. आईची खोली, हॉल आणि स्वयंपाकघर आहे तसंच राहणार होतं.

'लाकडासारखी' हा शब्द मुद्दाम वापरते आहे. लॅमिनेटमध्ये वर जे लाकूड दिसतं तो छापील कागद असतो. त्याच्यावर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर असतो आणि त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. म्हणजे आपल्या कुरुंदाच्या दगडाचाच सख्खा भाऊ. खाली लाकडाचा भुसा दाबून केलेली घट्ट फळी, एचडीएफ. सगळ्यात खाली फळी वाकू नये म्हणून आणखी एक थर. ही कल्पना १९७७ मध्ये स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीत निघाली. गोंद न लावता खट्‌कन एकमेकांत बसणाऱ्या फळ्या १९९० च्या दशकात आल्या.

खोक्यावर 'एसी ४' असं काहीतरी लिहिलेलं असतं. (आई म्हणाली, "एसी कशाला आणखी? आधीच गारठा आहे.") हा झिजण्याचा आकडा. सँडपेपर लावलेली चाकं नमुन्यावर फिरवतात आणि किती फेऱ्यांनी चित्र उडायला लागतं ते मोजतात. घराला एसी ३ पुष्कळ होतो, एसी ४ दुकान-ऑफिसातल्या वर्दळीलाही चालतो. जाडीचा याच्याशी काही संबंध नाही. आठ मिमीच्या आणि बारा मिमीच्या फळीवरचा वरचा थर सारखाच असू शकतो. जाड फळीवर पावलांचा आवाज जरा भरीव येतो, आणि बिलही.

आमच्या घरात मात्र जाडी हाच कळीचा मुद्दा होता, आणि तोही उलट्या बाजूने. नवी जमीन जुन्या फरशीवर बसणार. म्हणजे पॅसेज जिथे हॉलला मिळतो तिथे एक पायरी तयार होणार. बारा मिमीची फळी आणि तीन मिमीचं अंडरले धरलं तर पंधरा मिमी. तुम्हा-आम्हाला ती जाणवणारही नाही. घासत चालणाऱ्या पावलाला मात्र तो बांध असतो. आठ आणि दोन केलं की दहावर येतो. मी दुकानातूनच बाबांना फोन केला. ते म्हणाले, "दहा कर. आणि बाथरूमच्या उंबऱ्याची उंची मोजून कळवतो."

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. कालव्याला किती मीटरवर किती उतार द्यायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. आजारपणात त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. औषधं आई ठरवते, डॉक्टर माझ्याशी बोलतात, बँकेचं मी फोनवरून करते. ते समोर बसलेले असताना पाहुणे आईला विचारतात, "आता कसे आहेत?"

उंबरा बारा मिमी निघाला. ग्रॅनाइटची पट्टी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली. दहा मिमीची जमीन आली की तिथे फक्त दोन मिमीचा फरक उरणार, म्हणजे बाबांची एक अडचण परस्पर गेली. पण पाणी अडवणारा बांधही गेला. त्यामुळे आमच्यात वाद झाला. मी एसपीसीच्या बाजूची होते. दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांची ती फळी असते, पाण्याने फुगत नाही आणि जाडीलाही कमी. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी शिरून मुरलं तर आतला भुसा फुगतो, कडा वर येतात आणि त्या परत खाली बसत नाहीत. शिवाय रात्री कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायला उशीर होतो, हेही धरायला हवं होतं. बाबांनी दोन्हीचे नमुने मागवले, रात्रभर खोलीत ठेवले आणि सकाळी सहाला एकेकावर अनवाणी उभे राहिले. एसपीसीवरून उतरले, म्हणाले, "ही फरशीची धाकटी बहीण." दोन्ही नमुने एकाच खोलीत, एकाच तापमानाला होते. फरक असतो तो पायातली ऊब किती वेगाने ओढली जाते याचा. माझ्याकडे तांत्रिक युक्तिवाद बरेच होते, पण पाय त्यांचे होते. लॅमिनेटच ठरलं. सांध्यांवर पाणी अडवणारी प्रक्रिया केलेलं घ्यायचं, बाथरूमच्या दाराशी फट सिलिकॉनने बंद करायची आणि सांडलेलं लगेच टिपायचं, या अटींवर.

अंडरले हा कोणालाच न दिसणारा भाग, त्यामुळे दुकानदार तो फुकटातही देतात. पांढरा फोम, पाच मिमी, "एकदम गादीसारखा." बाबा पडले तर लागणार नाही, हा विचार माझ्याही मनात येत होता. पण पाच मिमी फोम पडणाऱ्या माणसाला वाचवत नाही. फळी मात्र प्रत्येक पावलाला खाली दबते, तिचं लॉक हलत राहतं आणि वर्ष-दोन वर्षांत तुटतं. त्याआधीच पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटते, आणि ज्याचा तोल आधीच कच्चा आहे त्याला ते सगळ्यात नको असतं. अंडरले चिमटीत दाबून बघावं. बोटं एकमेकांना भेटत असतील तर ते परत द्यावं. आम्ही दोन मिमीचं, घट्ट, खाली ओल अडवणारी फिल्म असलेलं घेतलं.

ओलीची परीक्षा श्रावणातच झाली होती. दोन बाय दोन फुटांचे प्लास्टिकचे तुकडे फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवायचे आणि दोन दिवसांनी उचलायचे. खोलीतले दोन्ही कोरडे निघाले. पॅसेजमध्ये बाथरूमच्या भिंतीजवळ थेंब धरलेले होते. भिंतीतली नळाची जोडणी झिरपत होती. आधी प्लंबर आला, दिवाळीनंतर दुसऱ्यांदा प्लास्टिक लावलं, ते कोरडं निघाल्यावर मग फळ्या.

खोकी दोन दिवस आधीच येऊन खोलीत आडवी पडली, तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. फिटर आला तेव्हा बाबा खुर्ची टाकून पॅसेजच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर ठेवायला लावली आणि मला पलीकडून बॅटरी धरायला सांगितली. पट्टीखालून उजेड आला की तिथे खळगा. दाराशी पाच मिमी निघाला, चालतो तीनपर्यंत. फिटर म्हणाला, "साहेब, तिथे फोम डबल टाकू." बाबांनी नुसती मान हलवली. मग लेव्हलिंगचा माल आला आणि काम एक दिवस पुढे गेलं.

दुसरा वाद फळ्यांच्या दिशेचा. पॅसेजमध्ये फळ्या लांबीच्या दिशेने घालायची रीत आहे, त्याने पॅसेज लांब दिसतो आणि माल वाया जात नाही. आम्हाला आडव्या हव्या होत्या. फिजिओथेरपिस्टने पूर्वी मोझॅकवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या. पाय अडकला की समोरच्या रेघेवर पाऊल टाकायचं, अशी युक्ती. पार्किन्सन्सच्या काही पेशंटना आडव्या रेघा दिसल्या की चालणं सुटतं. टेप मावशींच्या फडक्याने आठवड्यात निघायची. फळी १९५ मिमी रुंद आहे, म्हणजे दर दोन फळ्यांनी ३९ सेंटीमीटर. बाबांचं चांगल्या दिवसाचं पाऊल साधारण तेवढंच. साडेतीन फूट रुंदीच्या पॅसेजला एकोणीस फळ्या लागल्या आणि प्रत्येकीचा अर्ध्या फुटाचा तुकडा वाया गेला. हा हिशोब बाबांनी आधीच वहीत करून ठेवला होता, खोकी नऊ. अक्षर आता मुंगीएवढं झालंय, पण बेरीज बरोबर होती.

खोलीच्या दारात फिटरला सोनेरी टी-पट्टी ठोकायची होती. नेमकं तिथेच बाबा अडखळतात. आमची सलग लांबी साडेसात मीटरच्या आत होती आणि खोक्यातल्या पत्रकात आठपर्यंत चालेल असं लिहिलेलं. पत्रक वाचणं हेच माझं नोकरीतलं अर्धं काम आहे, त्यामुळे मी ते त्याच्यासमोर धरलं. त्याने चौकटीचे पाय खालून कापले, फळ्या त्यांच्याखाली सरकवल्या, फुगायला जागा ठेवली. भिंतींच्या कडेलाही दहा मिमी फट सोडली आणि वरून बीडिंगने झाकली. हॉलच्या बाजूचा बांध सुताराने सोडवला. एकास बारा उतार, म्हणजे दहा मिमीला १२० मिमी रुंदीची सागवानी पट्टी, एका कडेला शून्यावर आणलेली. बाबांनी त्यावर हात फिरवून सुताराला सांगितलं, "कालव्याला याच्यापेक्षा कमी लागतो. पण पाण्याला गुडघे नसतात."

आईचं आणि जमिनीचं अजून पुरतं जमलेलं नाही. "पाण्याने पुसली नाही म्हणजे पुसलीच नाही," असं तिचं मत. मावशी खूश आहेत, एक बादली कमी झाली. मायक्रोफायबरचं फडकं जेमतेम ओलं करून फिरवायचं, फिनाइल नाही. सणासुदीला आई उंबऱ्याशी हळदीकुंकू वाहते आणि मग स्वतःच घाईघाईने टिपून घेते.

आडव्या रेघांचा उपयोग होतो का? काही दिवस होतो. काही दिवस बाबा पहिल्याच रेघेसमोर उभे राहतात आणि आई मागून "एक, दोन" म्हणते. पण सकाळी सहाला ते आता पाय आखडून न घेता खाली सोडतात, एवढं मी सुट्टीत घरी असताना पाहिलंय.

पावसाळ्याचे दोन महिने झालेत. बाथरूमच्या कोपऱ्यातली फळी बाबा रोज अंगठ्याने दाबून बघतात आणि फोनवर तब्येतीच्या आधी तिचं सांगतात. अजून तरी कड वर आलेली नाही. परवा आई म्हणाली, तिच्या खोलीतही करायला हरकत नाही. खिडकीखाली ओल आहे असा बाबांना संशय आहे. त्यांनी मावशींकडून प्लास्टिक चिकटवून घेतलंय, उद्या सकाळी उचलणार आहेत.