रस्त्यापलीकडचा चेहरा

सिनेमावरून चित्र काढणे म्हणजे उष्ट्या पत्रावळीवर जेवणे, असे आमच्या वर्गातला एक मित्र नेहमी म्हणतो. नांदेडच्या वसतिगृहात या एका वाक्यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद झाले आहेत. मला त्याचे म्हणणे पटत नाही. त्याला कारण आमचे लातूरचे मामा.

तसे पाहिले तर आपल्याकडे सिनेमाच मुळी चित्रकारांच्या हातून जन्मला. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शिवाय जादूचे प्रयोग करणारे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. हुसेन तर मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरीत. मग उष्टे कोणी कोणाचे खाल्ले?

अतुल दोडियांचे 1994 सालचे ‘द बॉम्बे बकानिअर’ हे चित्र सरांनी वर्गात दाखवले. ‘बाजीगर’च्या पोस्टरवर नायकाच्या काळ्या चष्म्यात नायिका दिसतात. दोडियांनी नायकाच्या जागी स्वतःला काढले आणि चष्म्याच्या काचांत भूपेन खख्खर व डेव्हिड हॉकनी हे दोन चित्रकार बसवले. मित्र हसला. मला मात्र ती थट्टा वाटली नाही. आपल्या मनावर कोणाची सावली आहे हे सांगायला त्यांना पोस्टरचीच भाषा जवळची वाटली, इतकेच. अमित मधेशिया यांनी तर पडद्याकडे पाठच फिरवली. महाराष्ट्रातल्या जत्रांतील तंबू-टॉकीजमध्ये सिनेमा पाहणाऱ्यांचे चेहरे त्यांनी टिपले. त्यांना 2011 साली वर्ल्ड प्रेस फोटो पारितोषिक मिळाले. पडद्याचा उजेड तोंडावर पडलेली ती माणसे आपल्या आजोळची वाटतात.

आता मामा. ते लातूरला एका थिएटरचे बोर्ड रंगवीत. शुक्रवारी नवा सिनेमा, म्हणजे आधीच्या दोन रात्री जागरण. वीतभर फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर खडूने मारायच्या आणि एकेक घर मोठे करीत जायचे. रंग पुडीचे, जवसाच्या तेलात खललेले. मी शाळेत असताना त्यांनी घराच्या मागच्या भिंतीवर एक चेहरा मला काढून दाखवला. गाल हिरव्याने सुरू केला, त्यावर गुलाबी, कपाळावर निळ्याचा एक फटकारा. जवळून पाहावे तर नुसता रंगांचा चिखल. “जा, गल्लीच्या पलीकडे उभा राहा,” मामा म्हणाले. गेलो, आणि भिंतीवरून एक बाई माझ्याकडे पाहत होती! “बोर्ड चहाच्या टपरीवरून रंगवायचा असतो रे. हात तेवढा इथं असतो.” पुढे वर्गात मोनेची चित्रे शिकताना मला फारसे नवल वाटले नाही.

पण शुक्रवार आला की जुन्या चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरे आणि त्याच कापडावर नवा चेहरा चढे. पुढे फ्लेक्स आला आणि मामांच्या हातचे काम गेले. दोडियांचे चित्र जपून ठेवले जाते. मामांच्या शेकडो चेहऱ्यांपैकी उरला एक, तोही शेवटचा म्हणून. औशाकडच्या शेतात ते कापड सोयाबीनच्या राशीवर टाकतात. तेलरंगामुळे त्यातून पाणी झिरपत नाही. माझ्या मित्राने हे ऐकले तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी मी ते मागितले. मामा म्हणाले, “रास उठली की ने.” खाली नाव काय लिहू, असे विचारले तर म्हणाले, “माझं कशाला? थिएटरचं टाक.” थिएटर पाडून तेथे दुकाने झाली आहेत. मी मामांचेच नाव लिहिणार आहे.

अडचण एकच आहे. कापड वीस फूट लांब, आणि आमच्या हॉलमध्ये मागे सरकायला जागा जेमतेम चौदा फूट. तेथे लावले तर पाहणाऱ्यांना चिखलच दिसेल. म्हणून ते मैदानापलीकडच्या भिंतीवर लावू द्यावे, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे.