बंदूक कोणतीही घ्या, मॅगझिन बघून घ्या

"या महिन्यात तीन मॅगझिन्स घेतली," असं परवा फोनवर आईला सांगितलं. तिकडून लगेच, "अरे वा, जपानी वाचता यायला लागलं वाटतं तुला!" तिला बिचारीला वाटलं मासिकं. मग ही मॅगझिन्स खेळातल्या बंदुकीला खालून लावायची असतात, हे सविस्तर समजावलं. मिनिटभर शांतता. मग, "बरं. जेवलास का?"

तर मंडळी, आजचं विकांताचं पुराण त्या दुसऱ्या मॅगझिनचं.

एअरसॉफ्ट ही काय भानगड आहे ते आधी थोडक्यात. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी बंदूक. तिच्यातून सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोल छर्रे उडतात. (त्यांना 'बीबी' म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद आमच्या ग्रुपात करून झालेले आहेत.) डोळ्यांवर जाड गॉगल, दोन टीम, आणि समोरच्यांचा झेंडा गाठायचा. छर्रा लागला की स्वतःच "हिट्टो!" असं ओरडायचं, हात वर करायचा आणि चालू पडायचं. बॅटला कड लागली हे स्वतःहून कबूल करून चालू पडणारा माणूस आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये मी जन्मात पाहिला नाही, पण इथे अख्खा खेळ त्याच भरवशावर चालतो.

खेळ मूळचा जपानचाच. मोटरवर चालणारी पहिली एअरसॉफ्ट रायफल तोक्यो मारुई कंपनीने १९९१ साली काढली, फ्रेंच फामासची नक्कल. २००६ साली कायदा बदलला आणि ताकदीवर मर्यादा आली. सहा मिलिमीटरच्या छऱ्याला ०.९८ ज्यूलच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ०.२० ग्रॅमचा छर्रा त्या हिशोबाने सेकंदाला जवळजवळ ९९ मीटर जातो. दंडावर लागला तर मुंगळा डसल्यासारखं होतं. डोळ्यात गेला तर डोळा गेला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही निशी-कासाईतले चार-पाच देशी लोक महिन्यातून एखाद्या रविवारी भल्या पहाटे निघून चिबाकडे जातो. इंझाई, याचिमाता त्या बाजूला रानात मैदानं आहेत. आणि दर वेळी एक गोष्ट बघायला मिळते. नवा गडी येतो, महिनाभर रिव्ह्यू वाचून निवडलेली झकास बंदूक असते, वर दुर्बीण, टॉर्च, काय काय लटकवलेलं असतं. पहिल्या गेमला ट्रिगर दाबतो, मोटर गुर्रर्र करते आणि बाहेर नुसती हवा. बंदूक बिघडली म्हणून बिचारा चेहरा पाडून बसतो. बंदुकीला काहीही झालेलं नसतं. दहातल्या आठ वेळा दोष त्या खालच्या डब्याचा असतो, जो त्याने दुकानातून निघता निघता "हेही दोन द्या" म्हणून उचललेला असतो.

मॅगझिन म्हणजे एक डबा, एक स्प्रिंग आणि छऱ्यांना रांगेत उभं करणारी नागमोडी वाट. रेशनची रांगच म्हणा ना. मागचा ढकलत असतो, पुढचा ताटकळत असतो. ढकलणारा दमला किंवा मधे कुणी अडला, की खिडकी उघडी असूनही माल मिळत नाही.

आता कोणतं घ्यायचं? नेहमीच्या इलेक्ट्रिक एम-फोरचं मारुईचं नॉर्मल मॅगझिन ६८ छऱ्यांचं, त्यांच्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतल्या एम-फोरचं ८२ चं. मग येतं हाय-कॅप. ३०० छर्रे, नेक्स्ट जनरेशनला ४३०. आकडा बघून कुणीही भुलेल. एकच लावलं की दिवसभराची ददात मिटली! पण आत असते ती रांग नसते, नुसती खोली असते, आणि छर्रे त्यात सुटे पडलेले असतात. खाली एक चाक असतं. ते फिरवून स्प्रिंगला चावी द्यायची, मग छर्रे वर चढतात. चावी संपली की पुन्हा फिरवा. आणि चाललात की वाजतं. झुडपाआडून दबकत, श्वास रोखून निघालोय आणि हातात खुळखुळा! समोरच्याला बघायची गरजच नाही, बारशाचा आवाज आला की त्या दिशेला गोळीबार.

माझं मत सरळ आहे. नॉर्मलच घ्या, आणि एकाच कंपनीची घ्या. एक गेम साधारण दहा मिनिटांचा असतो. नेम धरून एकेक मारणाऱ्याला त्यात तीन मॅगझिन्स पुरून उरतात. ज्याचं कामच मुळी समोरच्यांना डोकं वर काढू न देणं हे आहे, त्याने खुशाल खुळखुळा घ्यावा. बाकीच्यांना चारशे छर्रे हाताशी असले की नेम धरायची गरजच वाटत नाही, हे मी आमच्याच ग्रुपात पाहतोय. नाव घेत नाही, तो हा ब्लॉग वाचतो. :-)

मधलं मिड-कॅप, म्हणजे शंभर-सव्वाशे छऱ्यांचं, न वाजणारं, हाही पर्याय आहे. बाहेरच्या कंपन्यांची छान मिळतात. पण त्यांचं लग्नासारखं आहे, पत्रिका जुळली तर जुळली. एकाच्या बंदुकीत लोण्यासारखं चालणारं मिड-कॅप दुसऱ्याच्या बंदुकीत बसल्यावर खाली लोंबतं. दोन मिलिमीटर लोंबलं तरी वरचं भोक बंदुकीतल्या भोकासमोर नीट येत नाही आणि फीड तुटतो. (घरगुती उपाय: मॅगझिनच्या अंगाला चिकटपट्टीचा एक थर. आश्चर्यकारकरीत्या चालतो.) म्हणून पाचाचा सेट स्वस्तात दिसला तरी आधी एकच घ्या, एक रविवार वापरा, मग बाकीची. आणि काठोकाठ भरू नका. स्प्रिंगला थोडी तरी हलायला जागा हवी.

माझ्याकडे सहा नॉर्मल आहेत. पांढऱ्या पेंट मार्करने त्यांच्यावर आकडे टाकलेत, मराठीत, १ ते ६. इथे दुसऱ्या कुणाचं मॅगझिन तसं असण्याची शक्यता शून्य, त्यामुळे हरवलेलं परत मिळतं. एकदा लाउडस्पीकरवर सांगत होते की "नऊ नंबरचं मॅगझिन सापडलंय." मी ढिम्म बसून, माझी तर सहाच! मग लक्षात आलं, तो आपला एक होता.

आकडे टाकण्याचा खरा उपयोग मात्र डीबगिंगला. फीड अडला की मॅगझिन बदला. त्रास गेला? मग तो मॅगझिनचा. तेच मॅगझिन मित्राच्या बंदुकीत लावून बघा. तिथेही अडलं तर शिक्कामोर्तब. पाच मॅगझिन्सनी तसाच त्रास दिला तर मग बंदूक उघडा. ऑफिसात आपण दिवसभर हेच करतो, पण मैदानावर गेलं की भले भले इंजिनिअर आधी स्क्रूड्रायव्हर काढतात.

आता तेल. छर्रा सरळ आणि लांब जावा म्हणून नळीच्या तोंडाशी रबराचा एक उंचवटा असतो, तो छऱ्याला उलटी फिरकी देतो. याला हॉप-अप म्हणतात. मॅगझिन अडतंय म्हणून छऱ्यांच्या वाटेत सिलिकॉनचा फवारा मारला, तर तेल लागलेला छर्रा त्या रबराला तेल फासतो, फिरकी निसटते, आणि पुढचे पन्नास छर्रे कुठेही जातात. इलेक्ट्रिक मॅगझिनची वाट कोरडीच ठेवायची. माती गेली असेल तर उघडून पुसायची. आणि जमिनीवर पडलेले छर्रे उचलून पुन्हा भरायचे नाहीत, म्हणजे नाहीत. आपल्या मध्यमवर्गीय जिवाला पडलेली वस्तू टाकवत नाही हे कळतं, पण त्यावरचा एक वाळूचा कण नळीला ओरखडा काढायला पुरतो.

बाहेरच्या मैदानांवर बरेचदा बायो छर्रेच लागतात, मातीत विरघळणारे. निसर्गाला बरे, पण दमट हवेत त्यांचा आकार बदलतो. लहानपणी दिवाळीतल्या टिकल्यांचे रोल आठवतात? डबा उघडा राहिला की सादळायचे आणि पिस्तुल नुसतं फुस्स. हे तसंच. तोक्योतला जून-जुलैचा पावसाळा यांचा शत्रू. पाकीट घट्ट बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं, आणि घरी आल्यावर मॅगझिन्स आधी रिकामी करायची. स्प्रिंगलाही तेवढाच आराम.

रिकामी करण्यावरून आठवलं. आमच्याकडे दिवाळीला मंडळी जमतात, त्यात पोरंटोरं असतात. बायकोने पहिल्याच वर्षी विचारलेला प्रश्न मला आजवर ऐकलेला सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो. "मॅगझिन काढलंय म्हणजे ही रिकामी आहे ना?"

नाही. अजिबात नाही. मॅगझिन काढलं तरी वरच्या वाटेत छर्रे अडकलेले असू शकतात, आणि एखादा थेट नळीच्या तोंडाशी. बाहेरून दिसत नाही. म्हणून मैदानातून बाहेर पडताना क्रम ठरलेला असतो: मॅगझिन काढा, मग ठरलेल्या जागी ट्रिगर दाबून आतले उडवून टाका, मग सेफ्टी. गॉगल उतरवायचा तो सेफ्टी झोनमध्ये पोचल्यावरच. इथे दुकानात ० .९८ ज्यूलवाल्या बंदुकांवर '१८ वर्षांवरील' असं लिहिलेलं असतं, आणि १० वर्षांवरील मुलांसाठी ०.१३५ ज्यूलच्या खालच्या वेगळ्या मिळतात. सात पटींचा फरक आहे, आणि शोकेसमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. घरी आमची पद्धत म्हणजे बंदुका एका कुलपात, मॅगझिन्स दुसऱ्या डब्यात, बॅटरी तिसरीकडे, आणि आवरायच्या आधी एकदा फटाफट रिकामी उडवून बघायची, जुन्या टॉवेलने भरलेल्या खोक्यात. बायको शेजारी उभी राहून बघते. कोड रिव्ह्यूच तो.

राहिली गॅसची पिस्तुलं. इथे मॅगझिन नुसता डबा राहत नाही, खरं इंजिन तेच असतं. खालच्या टाकीत द्रवरूप गॅस, खाली भरायचा व्हॉल्व्ह, मागे सोडायचा व्हॉल्व्ह, वर रबराचं पॅकिंग. आमच्या ऑफिसातले एक सीनिअर आहेत, त्यांना इथे नुसतं सेन्पाई म्हणतो. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्यांनी मारुईच्या हाय-कापाची आपली चार मॅगझिन्स मला दिली, प्रत्येकी ३१ छऱ्यांची. दहा वर्षांपेक्षा जुनी, आणि चारांतलं एकही गळत नव्हतं. प्रत्येकावर मास्किंग टेप, टेपवर बारीक अक्षरात पॅकिंग बदलल्याच्या तारखा. मी नोकरीत इतका नीटनेटका चेंज-लॉग पाहिलेला नाही.

त्यांचं तंत्र साधं. ठेवून देताना टाकी पूर्ण रिकामी करायची नाही. थोडा गॅस आत राहू द्यायचा, म्हणजे आतल्या दाबाने रबरी रिंगा जागेवर दाबलेल्या राहतात. महिना-दोन महिन्यांनी भरायच्या व्हॉल्व्हवर सिलिकॉन तेलाचा थेंब. म्हणजे इलेक्ट्रिकमध्ये जे विष तेच इथे औषध! मात्र सिलिकॉनच. दाराच्या बिजागरीला मारायचा पेट्रोलियमवाला स्प्रे रबर फुगवतो. गळती कुठे आहे ते कळत नसेल तर मॅगझिन पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे बघायचे. आपला पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बघतो तसंच. नंतर नीट पुसून वाळवायचं मात्र, नाहीतर गंज.

थंडीत ही मंडळी लोळतात. एचएफसी-१३४ए या गॅसचा दाब २० अंशांना साधारण ५.७ बार असतो, शून्याला तो निम्म्यावर, २.९ वर येतो. त्यात दर फैरीला आतला द्रव उकळून मॅगझिन आणखी गार पडतं. जानेवारीत दहा-बारा फैरी लागोपाठ झाडल्या की स्लाइड सुस्तावते. मग दोन मॅगझिन्स जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून आलटून पालटून वापरायची, अंगाची ऊब पुरते. हीटरवर किंवा गरम पाण्यात ठेवायचं कधीच नाही. दाब कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही, आणि तो डबा तुमच्या हातात असतो.

हा गॅसही आता जायच्या वाटेवर आहे. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट, त्यामुळे २०१६ च्या किगाली करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी होतंय. त्याच्या जागी एचएफओ-१२३४झेडई आलाय. पर्यावरणाला कितीतरी सौम्य, पण तो उकळतोच उणे १९ अंशांना, जुना उणे २६ ला. म्हणजे दाब आणखी कमी, आणि थंडीत आणखी रडारड. सेन्पाईंची चारही मॅगझिन्स या हिवाळ्यात नव्या गॅसवर चालवून बघायची आहेत. पॅकिंगचे दोन जादा संच आणून ठेवलेत. चालली तर आकडे पुढच्या लेखात देईनच, नाही चालली तर पिस्तूल एप्रिलपर्यंत कपाटात. टाकीत थोडा गॅस ठेवून, अर्थात.