ऐकलेल्या मालिका

दुपारचे दोन वाजून गेलेत. जेवणं झाली, भांडी पालथी पडली. आईने कणकेच्या डब्याला टॅब टेकवून ठेवलाय. पदराने चष्मा पुसून ती ‘वादळवाट’चा पुढचा भाग लावते. २००३ साली सुरू झालेली ही मालिका चार वर्षं चालली आणि आमच्या साताऱ्याच्या घरात ती रोज लागायची. आईने मात्र ती आत्ता, बहात्तराव्या वर्षी, पहिल्यापासून पाहायला घेतली आहे.

“मग तेव्हा काय केलंस?” मी विचारलं.

“तेव्हा ऐकली,” ती म्हणाली.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आमचा टीव्ही पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागे आणि मध्ये माजघर. मालिका दिवेलागणीनंतरच्या. कुकर लावायची, पोळ्या लाटायची वेळही तीच. मालिकेची वेळ वाहिनी ठरवायची, जेवणाची आम्ही. शीर्षकगीत वाजलं की आई गॅस बारीक करून माजघराच्या दारापर्यंत यायची. ‘आभाळमाया’ असो की ‘वादळवाट’, अशोक पत्कींची चाल संपेपर्यंत तिथे उभी राहायची आणि परत वळायची. पुढचं सगळं कानांनी. सुकन्या कुलकर्णींची सुधा, अदिती सारंगधरची रमा तिला आवाजावरून ओळखू यायच्या. पण फोडणी पडली की दोन वाक्यं जायची, कुकरची शिट्टी झाली की तिसरं.

“आई, लवकर ये, बघ काय झालं!” आम्ही ओरडायचो. ती पिठाचे हात तसेच घेऊन धावत यायची, तोवर जाहिरात लागलेली असायची. काय झालं ते आम्ही तिला एका वाक्यात सांगून टाकायचो, तेही पडद्यावरची नजर न हलवता. आम्ही चौघं बसलेले असायचो. चौघांतल्या एकालाही कधी उठून तवा सांभाळावासा वाटला नाही. मला आज त्याची लाज वाटते.

सुटलेला भाग पुन्हा मिळण्याची सोयही नव्हती. भारनियमनात वीज गेली की त्या दिवशीची गोष्ट दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून, शेजारच्या काकूंच्या तोंडून कळायची. काकू रंगवून सांगायच्या. आईच्या मनातल्या कितीतरी प्रसंगांना काकूंचेच हातवारे आहेत.

पूर्ण पाहिलेली मालिका कोणती, असं विचारलं तर ती ‘चिमणराव’चं नाव घेते. सत्तरच्या दशकाचा शेवट, पुणं, तिचं लग्न व्हायचं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं आणि त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत पुण्यात दिसायचे. वाड्यात एकाच बिऱ्हाडी टीव्ही होता. तिथे सतरंजीवर मांडी घालून तिने प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहिला. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत, कारण तेव्हा पोळ्यांसाठी तिला कुणी हाक मारत नव्हतं. मी टॅबवर ते भाग शोधले. हाती तुकडेच लागले. तेही तिने तीन-तीनदा पाहिले. मग म्हणाली, “टिपरे तरी लाव.” म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. तिचा तरुण चिमणराव तिथे आबा होऊन बसला होता.

टॅब हाताळायला तिला आठवडा लागला. सगळ्यांत आवडलं ते दहा सेकंद मागे नेणारं बटण. गोल वळलेला बाण आणि आत १० चा आकडा. ते सापडल्या दिवशी तिने एकेक संवाद तीनदा ऐकला. फोडणीने गिळलेली वाक्यं ती परत मिळवत होती. पाऊस लागून नेट मंदावलं की चेहरे पुसट होतात. पडद्यावरचं चित्र काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांनी येतं आणि नेट कमी पडलं की हलका, कमी बारकाव्याचा तुकडा मागवला जातो, हे मी तिला समजावलं. “येऊ दे सावकाश,” ती म्हणाली, “मला कुठे पोळ्या टाकायच्यात!”

भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होऊ पाहतो, कोपऱ्यात सेकंद उतरू लागतात. ती लगेच बाहेर पडते. रोज एकच भाग. तिची आई पोथीचा रोज एक अध्याय वाचून पोथी कापडात बांधून ठेवायची, तसा ती टॅबचा फ्लॅप मिटते. मी रात्र-रात्र जागून अख्खे हंगाम संपवले आहेत. त्यातलं मला फारसं आठवत नाही. तिला कालच्या भागातला पडद्यांचा रंगही आठवतो.

एक दिवस ती पाहता पाहता थांबली. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं. दोन माणसं समोरासमोर बसली होती आणि त्यांतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. “असं होतं होय!” आई म्हणाली. “आवाज बंद झाला की मला वाटायचं, तुम्ही टीव्ही बारीक केला.” बोलणं, भांडणं, हुंदके तिच्यापर्यंत वीस वर्षांपूर्वीच पोचले होते. गप्प बसलेली माणसं आत्ता पोचत होती.

घरातल्यांनी एकत्र बसून टीव्ही पाहण्याचे दिवस गेले, आता ज्याचा त्याचा पडदा, अशी हळहळ मी पुष्कळ ऐकतो. मला ती पटत नाही. आमच्या घरच्या त्या एकत्र बसण्यात एक माणूस नव्हतं.

आज मी चहा टाकायला उठलो. आलं किसत होतो, तोवर बाहेरचा आवाज बंद झाला. दारातून डोकावलं, तर पडद्यावर रमाचा हात हवेत तसाच थांबलेला आणि आईचं बोट पडद्याजवळ.

“दूध उतू जाईल, तिकडे बघ,” ती म्हणाली. “गाळून आण सावकाश. तू आल्यावर लावते.”