हरळीला तुरे आले की

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि वेताळ टेकडीवरचं गवत फुलोऱ्यावर आलं. मारवेल, कुसळी, पायवाटेच्या कडेची हरळी. बघायला इतकं देखणं, आणि नेमकं याच दिवसांत आमच्या शेरूचं खाजवणं सुरू होतं.

परागकणांचा त्रास झाला की माणूस शिंकतो. कुत्र्याच्या बाबतीत तो बहुतेकदा कातडीवर उठतो. शेरू पुढचे पंजे चाटत बसतो. बोटांमधले पांढरे केस लाळेनं तांबूस झालेत. काखा आणि पोट लालबुंद, कान गरम. रात्री अंधारात ते चाटणं ऐकू येतं आणि जीव तुटतो.

फिरून आलो की आधी ओल्या फडक्यानं पंजे आणि पोट पुसायचं, मग नीट कोरडं करायचं, कारण बोटांत ओल राहिली की बुरशी धरते. आठवड्याला एक कोमट पाण्याची आंघोळ. अंगावरचे पराग धुऊन जाणं मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. पिसवांचं औषधही चुकवायचं नाही. त्या चावल्या की खाजेत आणखी भर. थंडीत गवत वाळलं की त्रास आपसूक उतरतो, त्यावरूनच डॉक्टरांना गवताचा संशय आला. खाजेची गोळी त्यांनीच दिलीय, वजन पाहून.

घरातली सर्दीची गोळी मात्र कुत्र्याला परस्पर कधीच देऊ नका. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.