लोहगांवचें आकाश

कोणाच्या बाळपणाला नदीच्या घाटाची सोबत असते, कोणाच्या देवळाच्या घंटेची. आमच्या बाळपणाला विमानांच्या घरघरीची होती. आमचे वडील पुण्यानजीक लोहगांवच्या वायुदलाच्या तळावर मुलकी कारकून होते, आणि १९७० पासून १९७९ पर्यंत आमचें बिऱ्हाड तळाच्या कुंपणाशेजारींच होतें. लोहगांव म्हणजे तुकोबांचें आजोळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, मुंबईच्या रक्षणासाठीं तेथें विमानतळ उभारला गेला. त्याच धांवपट्टीवर मोजकीं प्रवासी विमानेंही उतरत. पण काळे चष्मे लावलेल्या त्या उतारूंचें आम्हां पोरांस फारसें अप्रूप नव्हतें. आमचें दैवत कॅनबेरा.

हीं बाँबफेकी विमानें ब्रिटिश बनावटीचीं, १९५७ पासून आपल्या वायुदलांत आलेलीं. त्यांचें एंजिन काडतूस उडवून सुरू करीत. धाडकन् आवाज होई, काळ्या धुराचा लोट उठे, आणि त्या धुराचा वास आला कीं आम्हांस दिवाळी आल्यासारखें वाटे. विमानांत माणसें दोनच. वैमानिक वर कांचेच्या घुमटाखालीं बसे. मार्ग काढून देणारा नॅव्हिगेटर पुढें, नाकाच्या पोकळींत. आमच्या एका सोबत्याचे वडील नॅव्हिगेटर होते. संकटसमयीं आसनासकट बाहेर फेंकलें जाण्याची सोय वैमानिकास होती, नॅव्हिगेटरास नव्हती. त्यानें हवाई छत्री बांधून बाजूच्या दारांतून उडी टाकावयाची. ही गोष्ट सोबत्यानें आम्हांस मोठ्या दिमाखानें सांगितली होती, आणि आम्हीही ती दिमाखाचीच समजलों होतों.

विमानें मोजणें हा आमचा नित्याचा खेळ. "चार गेलीं!" म्हणून ओरडलें कीं तो संपे. परत किती आलीं हें पाहाण्याइतका धीर लहान मुलांस कोठून असणार? तें काम सोबत्याची आई करी. ओसरीवर तांदूळ निवडीत ती बसलेली असे, आणि दुरून आवाज आला कीं तिचें बोट सुपांत थबके. १९७१ च्या डिसेंबरांत, युद्धामुळें घरोघर तावदानांना काळे कागद लावलेले असतां, तिला ही संवय जडली असावी.

१९७६ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं चार गेलीं, आणि सर आल्यामुळें आम्ही तिच्याच ओसरीवर अडकून पडलों. त्या दिवशीं प्रथमच आम्हीं परतणारीं विमानेंही मोजलीं. "काकू, तीनच आलीं!" आम्ही ओरडलों. क्रिकेटमध्यें गडी बाद झाल्याचें सांगावें तसा आमचा स्वर होता.

"मोजलीं रे बाळ," ती म्हणाली, आणि पुढें कांहीं बोलली नाहीं.

दिवेलागणीला जीप आली. चौथें विमान ढगांमुळें दुसऱ्या तळावर उतरलें होतें. त्यांत सोबत्याचे वडील होते, आणि सुखरूप होते. तिनें मान हलविली व सूप उचललें. आम्हांस न्यावयास आलेल्या आमच्या आईनें मागाहून सांगितलें कीं, वेंचून बाजूला ठेवलेले खडे तिनें पुन्हां तांदळांतच टाकले होते. आमचा पराक्रम आईकडून कळल्यावर वडिलांनीं त्या रात्रीं आमच्याशीं भाषण केलें नाहीं. मार परवडला असता.

कॅनबेरा २००७ सालीं निवृत्त झालीं. लोहगांवास २०२४ सालीं उतारूंसाठीं नवी प्रशस्त इमारत झाली. धांवपट्टी मात्र अजून वायुदलाचीच. गेल्या दिवाळींत मुलीस आणावयास आम्ही तेथें गेलों असतां सुखोईंची एक जोडी गर्जत वर गेली. भोंवतालच्या लोकांनीं फोन उंच धरले, आणि विमानें दिसेनाशीं होतांच खालीं घेतले. कांहीं वेळानें मुलगी आली, सामान चढविलें, गाडींत बसली.

"बाबा, आतां कोणाची वाट पाहतां?" तिनें विचारलें.

एक उतरलें होतें. दुसरें उतरेपर्यंत आम्हीं गाडी सुरू केली नाहीं.