उजव्या बाजूचा धडा

पंचवीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा नवशिका होणे किती अवघड असते, हे मला आइसलँडमध्ये कळले. पुण्याच्या परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मी घेतला होता. विमानतळावर भाड्याची गाडीही विनासायास मिळाली. किल्ली देताना तेथील तरुणीने दोनच सूचना केल्या : वाऱ्यात दार घट्ट धरून उघडा आणि एकपदरी पुलापाशी थांबून समोर पाहा. रहदारी उजव्या बाजूने चालते, हे मला ठाऊकच होते.

दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावरून निघालो आणि हातांनी सवयीने डावी बाजू धरली. रस्ता निर्मनुष्य असल्याने चूक जाणवलीही नाही. समोरून ट्रक आला, पत्नी किंचाळली आणि मी गाडी रस्त्याखाली उतरवली. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

त्यानंतर देशाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा मार्ग मी प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणत पुरा केला. पुढे वाचनात आले, की १९६८च्या मे महिन्यापर्यंत आइसलँडमध्येही डावीकडूनच वाहने चालत. एका सकाळी साऱ्या देशाने सवय बदलली होती.

तुम्हीही नोकरी-संसार सांभाळून पुन्हा अभ्यासाला बसला आहात. गाठीचा अनुभव बहुतेक वेळा साथ देईल. क्वचित चुकीच्या बाजूलाही नेईल. अशा वेळी नवशिक्यासारखा मोठ्याने पाठ म्हणायला संकोचू नका.